आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आणि बाबांचा स्वयंपाक

ति. आई आणि बाबा,
सा. न.

फोनवर आई 'हो, हो' म्हणते आणि करायचं तेच करते, म्हणून हे लिहून पाठवतेय. बाबा, तिला मोठ्यानं वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

ऑपरेशनच्या दिवशी मी आहेच. पण रविवारी रात्रीच्या गाडीनं निघावंच लागेल. शाळेत परीक्षा आहेत, रजा शिल्लक नाही, बिनपगारीचंही विचारून पाहिलं. तर मी एक ठरवून टाकलंय. शेजारच्या वहिनी रोज संध्याकाळी येऊन भाकरी थापून देतील. आई, लगेच तोंड वळवू नको. त्या फक्त भाकरीच करणार आहेत. तुझ्या डब्यांना, काळ्या मसाल्याच्या बरणीला त्यांचा हात लागणार नाही, तसं मी बोलले आहे. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात धूर, धूळ, पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकून काम करायचं नाही. चुलीपुढं बसलीस तर हे सगळंच एकदम होतं. तुझ्या भाकरीची सर कोणाला येणार आहे का? पण थोडे दिवस. पैशाचं आमचं ठरलंय, तो विषय काढू नका.

बाकीचं बाबांनी करायचं, गॅसवर. मामाच्या लग्नातल्या कढीची गोष्ट मी काढत नाही.

बाबा, तुम्ही वावरातून अकराला येता, तोवर आई नुसत्या चहावर बसते. हे चालणार नाही, तिला गोळ्या असतील. जाण्याआधी उकडपेंडी करून ठेवा. दोन वाट्या जाडसर कणीक थोड्या तेलात मंद आचेवर खमंग भाजा आणि ताटात काढा. त्याच कढईत मोहरी, कांदा, हिरवी मिरची, हळद. दीड वाटी पाणी, अर्धी वाटी ताक, मीठ. उकळी आली की कणीक घालून सराट्यानं हलवा, झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ येऊ द्या. मोकळी झाली पाहिजे. वरून चिरलेला सांबार (कोथिंबीर) भरपूर. दोघांनी थोडी तेव्हाच खायची, उरलेली तुम्ही आल्यावर पाण्याचा हबका मारून पुन्हा गरम करायची आणि पोटभर खायची. मग दुपारी जेवणाची घाई राहत नाही.

संध्याकाळी डाळकांदा सगळ्यात सोपा. एक वाटी चण्याची डाळ दोन तास आधी भिजवा. चार मोठे कांदे उभे चिरा, कांद्यात कंजूसपणा नको. लसणाच्या फोडणीत कांदा लाल होऊ द्या, मग तिखट, मसाला, डाळ आणि शिजण्यापुरतंच पाणी. डाळ बोटानं दाबली तर मोडावी, गाळ होऊ नये. आता तुरीच्या शेंगा आल्यात, तेव्हा एखाद्या दिवशी सोले-वांगे करा. सोलायला आईला बसवा, तेवढं तिनं केलेलं चालेल, नाहीतर ती बसल्याबसल्या घर झाडायला उठेल. कंटाळा आला तर तूरडाळीची खिचडी, वर लसूण आणि लाल मिरचीचं तेल. त्यात लाजायचं काही नाही, मी इथं आठवड्यातून कितीदा तेच खाते.

गोळाभात मात्र करू नका. तो मी दिवाळीनंतर खाल्लाच नाही. लहानपणी आई भातातला मधला बेसनाचा गोळा माझ्या ताटात ठेवायची, कुस्करून गरम तेल घालायची आणि दादाला कळू द्यायची नाही. (दादा, हे वाचत असशील तर आता कळलं.) आई बरी झाली की तिच्याच हातचा खाईन.

बाबा, बीपीची गोळी सकाळी खाऊनच. लोणचं आणि पापड-धापोडे रोज नाही, आईनं आग्रह केला तरी नाही. डोळ्यात थेंब टाकायच्या आधी हात साबणानं धुवायचे, मिरची चिरली असेल तर दोनदा. वेळा मी कागदावर लिहून फ्रीजवर लावून जाईन. आई, डोळा चोळायचा नाही. झोपेत हात जातो, म्हणून जाळीचं झाकण रात्री लावायचंच.

आणि वहिनी आल्या की त्यांना चहा विचारा, बाबा. आई स्वतःहून विचारायला दोन दिवस घेईल.

तुमची,
बेबी

ता. क. कढई गॅसवर ठेवून पारावर गप्पा मारायला जायचं नाही.