आपल्या शाळेच्या जुन्या इमारतीसाठी आवाहन

माजी विद्यार्थी बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

शाळेची दगडी इमारत तुम्हाला नव्याने सांगायला नको. पण "ते जुनं पाडून स्लॅब का टाकत नाही?" असे आपल्यातलेच काही विचारू लागले आहेत, म्हणून हा प्रपंच.

ही वास्तू कोणाच्या मेहेरबानीची नाही. 1863 पासून मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड, म्हणजे स्थानिक कामांसाठीचा कर, घेत, त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला जाई. आपले जोते त्याच आण्यांवर उभे आहे. दोन फुटी काळ्या दगडाच्या भिंती, घाणीत मळलेला चुना, छपराच्या सागवानी कैच्या, आढ्याखाली झरोके. भर वैशाखात वर्गात पंख्याची आठवण होत नसे. पाचवीच्या वर्गावरची गळकी कौले उतरवली, तर पाठीवर बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनचा शिक्का! या मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला होता. शिक्क्याची कौले ऑफिसात जपून ठेवली आहेत, येऊन पाहा.

मागच्या दुरुस्तीला ज्यांनी हात दिला त्यांचे नाव काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपल्या गणिताच्या गुरुजींनी पेन्शनचा फरक जसाच्या तसा आणून दिला. आपल्याच एका सुतार विद्यार्थ्याने कैचीचा कुजलेला पाय सांधला आणि मजुरी विचारली तर रागावला. बालवाडीच्या बाई तर शेवटपर्यंत बंद पाकीट पाठवत राहिल्या, पावतीवर नाव घालायचे नाही असे बजावून.

बाकी गेल्या आवाहनाला ग्रुपवर अंगठे भरपूर आले. पैसे आले ते बहुतेक याच मंडळींचे. स्नेहमेळाव्याच्या मंडपाची वर्गणी मात्र हां हां म्हणता जमली. असो.

पश्चिमेच्या भिंतीला मध्यंतरी सिमेंटचा गिलावा झाला. ओल आत कोंडली, चुना भुसभुशीत झाला आणि तुळईखालचा दगड सुटला. त्या वर्गात मुले बसवणे बंद केले आहे. गिलावा खरवडून चुन्याचेच काम करायचे आहे. चुना मुरायला वेळ लागतो आणि पावसाआधी छप्पर झाकायचे आहे.

रोख, चेक, जुने सागवानी वासे, धड कौले, श्रमदान, सगळे चालेल. रोख रक्कम ऑफिसातच व पावती घेऊनच द्यावी, परस्पर कोणाकडे नको. खाते क्रमांक नोटीस बोर्डावर. परगावच्यांनी ऑफिसात फोन करावा. व्हरांड्याच्या मूळ कठड्याचा फोटो असल्यास पाठवावा, सुताराला नक्षी हवी आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर मी ऑफिसात असतो.

आपला,
चिटणीस, इमारत दुरुस्ती समिती