इंग्रजी शब्दांची संगत दाखवणाऱ्या बाईंना अनावृत पत्र

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार.

आयईएलटीएसचा, म्हणजे परदेशी शिकायला जाण्यासाठी दिलेल्या इंग्रजीच्या परीक्षेचा, निकाल कळवायला फोन केला, तेव्हा आभाराचा शब्द काढताच आपण "जेवलीस का?" असे विचारून विषय बदललात. फीच्या बाबतीतही आपण हेच केले होते. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. आपल्याला ते अवघड वाटेल याची कल्पना आहे. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या आपल्या शिरोळ-जयसिंगपूर भागातून परदेशी शिकायला निघणाऱ्या मुलामुलींच्या हाती आपली शिकवण्याची रीत पडावी, हा लोभ मला आवरत नाही.

या परीक्षेत लेखनाचे गुण चार निकषांवर दिले जातात आणि शब्दसंपदा हा त्यांतला एक, म्हणजे गुणांचा चौथा हिस्सा. त्या चौथ्या हिश्श्यावर क्लासवाल्यांचा मोठा धंदा चालतो. 'प्लेथोरा', 'मिरियड' अशा भारदस्त शब्दांची छापील यादी हातात देतात आणि निबंधात त्यांतले चार-पाच पेरायला सांगतात. तशीच एक यादी मी आपल्यापुढे ठेवली, तेव्हा आपण रागावला नाहीत, पेन्सिल तिच्यावरून फिरवत एवढेच विचारलेत, "यातला कोणता शब्द तू तुझ्या विषयाच्या शोधनिबंधात वाचला आहेस?" एकही नव्हता.

त्यानंतर आपण न्यूझीलंडमधील व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली शैक्षणिक शब्दांची यादी दिलीत. सुमारे ३५ लाख शब्दांचा विद्यापीठीय मजकूर तपासून, रोजच्या वापरातले २,००० शब्द वगळून त्यांनी ५७० शब्दकुटुंबे, म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे यांचे गट, निवडली. शैक्षणिक मजकुरातील जवळपास १० टक्के शब्द याच कुटुंबांतले असतात. 'एस्टिमेट', 'डिराइव्ह', 'अ‍ॅलोकेट', 'कन्स्ट्रेन' यांसारखे हे शब्द दिसायला साधे. ओळखीचे वाटतात म्हणून त्यांच्याकडे कुणी नीट पाहत नाही. पुढारलेली शब्दसंपदा म्हणजे दुर्मीळ शब्द नव्हेत, तर मधल्या पायरीवरचे शब्द अचूक वापरता येणे, हे आपले मत होते. मला ते आजही क्लासच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा खरे वाटते.

आपल्या पद्धतीचे मर्म त्या दोनशे पानी वहीत होते. डाव्या पानावर शब्द, त्याची नाम-क्रियापद-विशेषण ही रूपे, त्याच्यामागे येणारे शब्दयोगी अव्यय आणि त्याच्या आजूबाजूला नेहमी वावरणारे शब्द. उजव्या पानावर मी रचलेले वाक्य, आणि तेही माझ्याच विषयातले. 'थ्रेट' असेल तर त्याच्याबरोबर 'पोज' यावा, 'मेक' नको. पाऊस 'हेवी' असतो, 'स्ट्राँग' नसतो. असे शब्द जोडीनेच पाठ व्हायला हवेत, यावर आपला कटाक्ष असे. माझा विषय क्षारपड जमिनींचा. त्यामुळे उसाला दिलेले वारेमाप पाणी, काळ्या मातीतला अपुरा निचरा, वर चढणारे भूजल आणि पृष्ठभागावर साचणारे क्षार ही सगळी आपल्या भागाची कहाणी त्या वहीत इंग्रजीतून उतरत गेली. 'एक्झॅसर्बेट' या क्रियापदाचा अर्थ आधीच बिघडलेली गोष्ट आणखी बिघडवणे, हे कोशात वाचून कळले असतेच. पण जादा सिंचनाने जमिनीची क्षारता वाढण्याबद्दल त्याचे वाक्य मी स्वतः रचले, तेव्हा तो शब्द माझा झाला. बागायती शेतीबद्दल काही माहिती नसताना आपण प्रत्येक वाक्याखाली "हे खरे आहे का?" असे लिहून विचारत असा, हे मला विशेष वाटते. भाषेच्या शिक्षकाने मजकुराच्या खरेपणाची एवढी फिकीर केलेली मी क्वचितच पाहिली आहे.

उजळणीसाठी आपण जर्मनीच्या सेबास्टियन लाइटनर यांची १९७०च्या दशकातली खोक्याची पद्धत घेतलीत आणि तिला कोल्हापुरी वळण दिलेत. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून केलेली कार्डे. उत्तर आले की कार्ड पुढच्या, जास्त दिवसांनी उघडायच्या कप्प्यात. चुकले की थेट पहिल्या. मूळ पद्धतीत अर्थ आठवला तरी चालतो. आपला नियम मात्र असा, की त्या शब्दाचे नवे वाक्य तोंडी सांगता आले तरच कार्ड पुढे सरकेल. या नियमाने माझा वेग निम्म्यावर आला, पण बोलण्याच्या चाचणीत ११ ते १४ मिनिटे परीक्षकासमोर बसल्यावर शब्द शोधावे लागले नाहीत, ते त्याच्यामुळेच.

आलेखाच्या वर्णनाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पहिल्या लेखनप्रश्नात निदान १५० शब्दांत आलेख मांडायचा असतो आणि तिथे 'सोअर' (एकदम उंच जाणे), 'प्लमेट' (एकदम कोसळणे) ही क्रियापदे वापरायचा मोह सर्वांनाच होतो. आपण एका कागदावर रेघ काढून क्रियापदे चढउताराच्या प्रमाणात क्रमाने लावायला लावलीत. आकडा १२ टक्क्यांवरून १३ वर गेला, तर त्याला 'सोअर' म्हणणे म्हणजे शब्दाचा नव्हे, आकड्याचा खोटेपणा, असे आपण म्हणालात. आता इथे नेदरलँड्समध्ये माझे मार्गदर्शक माझ्या मसुद्यात नेमके याच जागेवर बोट ठेवतात, आणि मला तेव्हा शिरोळच्या आपल्या ओसरीवरची ती रेघ उपयोगी पडते.

परीक्षेत हवा तो बँड, म्हणजे हवी ती श्रेणी मिळाली, शिष्यवृत्ती मिळाली, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याबद्दल मनापासून आभार मानते.

एक विनंती आहे. माझी मामेबहीण परिचारिका आहे आणि ती ओईटीची, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी असलेल्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करते आहे. त्या परीक्षेत रुग्णाची माहिती देणारे १८० ते २०० शब्दांचे पत्र लिहावे लागते, तेव्हा तिची शब्दांची गरज माझ्यापेक्षा निराळी असणार. ती येत्या रविवारी आपल्याकडे येईल. माझी कार्डे तिला हवी होती, पण मातीची वाक्ये तिच्या काय कामाची, असे आपणच म्हणाल, म्हणून मी ती दिली नाहीत. आईकडून तिने फक्त रिकामे खोके नेले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली विद्यार्थिनी