कारियाकोत ओळख करून देणाऱ्या काकूंना

काकू, सादर नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीलाच पाठवता आलं असतं. पण टांझानियात, दार-ए-सलामला नव्याने आलेलं मराठी कुणी ना कुणी मला विचारतंच, "कारियाकोच्या बाजारात जावं का हो? भीती नाही ना?" मग मी तुमचीच वाक्यं आपली म्हणून ठोकून देते. म्हटलं, ज्याचं श्रेय त्याला एकदा चारचौघांत देऊन टाकावं.

मी आले तेव्हा उपांगा भागातल्या आपल्या इमारतीत सगळ्यांचा एकच सल्ला होता : मॉलमध्ये जा, एसी असतो, भाव लिहिलेले असतात. कारियाकोचं नाव काढलं की मोबाईल लांबवल्याच्या गोष्टी सुरू व्हायच्या, आणि त्या काही खोट्या नव्हत्या. तुम्ही मात्र जिन्यातच विचारलंत, "गणपतीला मोदक करणार ना? खवणी आणलीयस?" विमानाच्या वजनात तीच मागे राहिली होती. "मग शनिवारी सकाळी सातला खाली ये. मंगळसूत्र घरी ठेव. देव रागवत नाही."

रिक्षेत बसल्यावर तुम्ही सीटवर थाप मारून म्हणालात, "आमच्या आकुर्डीची गाडी!" इथे रिक्षेला सगळे बाजाजीच म्हणतात, त्याचा तुम्हाला केवढा अभिमान. म्सिंबाझी रस्त्यावर उतरलो आणि माझे पाय जागीच थिजले. रस्ता असा दिसतच नव्हता. प्लास्टिकवर जुन्या कपड्यांचे ढीग, त्यावर उभे राहून ओरडणारी पोरं, 'एल्फू म्बिली, म्बिली म्बिली' (दोन हजार, दोन दोन) असं रेकॉर्ड केलेलं तुणतुणं वाजवणारे भोंगे, डोक्यावर बादल्यांची चळत घेतलेल्या बायका, आणि या सगळ्यातून पोत्यांनी लादलेली हातगाडी दामटत येणारा कुणीतरी. तुम्ही मला दंडाला धरून बाजूला ओढलंत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी ओझी वाहायला गोळा केलेल्या हमालांचा, म्हणजे कॅरिअर कोअरचा तळ इथे होता, त्यावरूनच कारियाको हे नाव पडलं, हे तुम्ही मला तिथेच ऐकवलंत. "जागा हमालाची आहे. त्याला आधी वाट द्यायची." इतिहास सांगायची ही जागा नव्हे असं मला वाटलं होतं, पण तेव्हापासून हातगाडीचा धक्का काही मला लागलेला नाही.

दुसरा धडा नमस्काराचा. मी एका बाईला थेट भाव विचारायला तोंड उघडलं तर तुम्ही मला कोपर मारलंत. आधी 'हबारी', मग घरचं कसं काय, कामाचं कसं काय, आणि मग भाव. समोरचं माणूस वयाने मोठं असेल तर 'शिकामो' म्हणायचं आणि त्याचं 'मराहाबा' येईपर्यंत थांबायचं. सुट्या नोटा वेगळ्या, दहा हजारांची नोट आत, पिशवी पोटाशी, हे तर कुणीही सांगितलं असतं. पण त्या गोंगाटात, मागून लोक ढकलत असताना, एका टोमॅटोवाल्याच्या आईच्या तब्येतीची सावकाश चौकशी करणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली.

आणि मग ती म्बूझी! आपल्या कोकणातल्या खवणीची सख्खी बहीणच. एकमेकांत अडकवलेल्या दोन फळ्या, मिटवून काखेत मारता येतील अशा, आणि पुढे जिभेसारखी निघालेली दातेरी लोखंडी पट्टी. फळीवर बसायचं आणि नारळाची वाटी त्या दातांवर फिरवायची. विकणाऱ्याने एक पुढे केली. तुम्ही दातांवरून अंगठा फिरवलात, नाक मुरडलंत, दुसरी मागितलीत. ती जमिनीवर मांडली, साडी सावरून भर बाजारात तिच्यावर बसलात आणि डुलून पाहिलंत. शेजारच्या नारळवालीकडे हात केलात, तर तिने हसत हसत एक नारळ फोडून अर्धी वाटी तुमच्या हातात ठेवली. तुम्ही खरवडायला लागलात. भोवती घोळका जमला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तुम्ही मान वर न करता दोन फेऱ्यांत वाटीचा काळा भाग न लागू देता पांढराशुभ्र चव काढलात, चाखलात, आणि नारळवालीला सांगितलंत, "नारळ छान, घेते पाच." म्बूझीचा भाव त्यानंतर विचारलात. त्या माणसाने फार ताणलंच नाही.

मला वाटलं, खवणी मिळाली, काम झालं. तुमचं काम तर तिथून सुरू झालं होतं. तुम्ही मला नारळवालीसमोर उभं केलंत आणि 'ही माझी मुलगी' असं सांगून टाकलंत. मग तिनेच तांदळाच्या पिठासाठी तिच्या ओळखीच्या बाईकडे धाडलं, विटुंबुआ, म्हणजे इथले तांदळाचे गोड अप्पे, करणाऱ्या बायका जिच्याकडून पीठ नेतात तिच्याकडे. उकड काय सुंदर निघाली त्याची. पीठवालीने गूळवाला दाखवला, त्याने वेलदोड्यांचं दुकान. केळीची पानं नारळवालीनेच मागवून ठेवली. हळदीची पानं तेवढी कुठे मिळाली नाहीत.

त्या सगळ्या गर्दीत मला एकाच माणसाची गरज होती, आणि ते माणूस तुम्ही मला जोडून दिलंत. आभार मानायचे ते याचे. तुम्ही मला यादी देऊ शकला असतात, किंवा दर वेळी स्वतःच सामान आणून दिलं असतंत. बऱ्याच मदतखोर बायका तेच करतात आणि नव्या मुलीला कायमची परावलंबी करून ठेवतात.

ही ओळख तुम्ही कशी जपलीत तेही मी ऐकलंय. २०२१ च्या जुलैमध्ये बाजाराच्या मुख्य इमारतीला आग लागली. वास्तुविशारद बेडा अमुली यांनी बांधलेली, सिमेंटच्या छत्र्या उघडून ठेवल्यासारख्या छताची ती इमारत. आतले विक्रेते पांगले. तुम्ही म्हणे नंतर कित्येक शनिवार गल्ल्यागल्ल्यांतून आपल्या माणसांना शोधत फिरत होतात. काकांनी हे सांगितलं, तुम्ही नाही.

पुढे तुम्ही पुण्याला परतलात. १६ नोव्हेंबर २०२४ ला कारियाकोत एक चार मजली इमारत कोसळली, माणसं ढिगाऱ्याखाली गेली. तोही शनिवारच होता. मी घरीच होते. सगळ्यांचे मेसेज आले, 'तू ठीक आहेस ना?' तुमचाही आला. त्यात पुढे आणखी एक ओळ होती : 'नारळवाली कुठे आहे बघून ये.' ती ठीक होती. तिच्या ओळखीच्यांपैकी सगळे नव्हते. त्या दिवसांत तिच्याकडे नारळ घ्यायला गेले की आम्ही नमस्कारापलीकडे फारसं बोलत नव्हतो.

आता ती पुन्हा पहिल्यासारखी बडबड करते. मला एक नारळ जास्त देते आणि पैसे घेताना न चुकता विचारते, "बीबीचा गुडघा कसा आहे?" बीबी म्हणजे आजी, म्हणजे तुम्ही. मी आपली दर वेळी 'न्झुरी, न्झुरी', छान छान, म्हणून वेळ मारून नेते. तिला ते पटत नाही, मलाही नाही. तेव्हा काकू, ऑपरेशनचं काय ठरलं ते जरा खरं खरं कळवा. शनिवारच्या आत.

तुमची,
वरच्या मजल्यावरची