'पुढे सरका' एवढंच बोलणाऱ्या माणसाच्या मराठीसाठी

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझे वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते. तीन वर्षांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली आणि त्यांचं बोलणं गेलं. सगळंच गेलं असंही नाही. तहान लागली तर 'पाणी' म्हणता येत नाही, हात नुसता हवेत फिरतो. पण मी दारात घुटमळलो की 'पुढे सरका, पुढे सरका' अगदी खणखणीत येतं! डॉक्टर याला अफेजिया म्हणतात. शब्द शोधून जुळवणं बिघडतं, वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं बोलणं मात्र बरेचदा टिकून राहतं.

थेरपीला नेलं तिथे परदेशी चित्रांची कार्डं होती. एकावर इग्लू, म्हणजे बर्फाचं घर. लालबागच्या चाळीत जन्म काढलेल्या माणसाला ते ओळखता आलं नाही, म्हणून रकान्यात शून्य पडलं. आजाराचं शून्य की कार्डाचं, कोण सांगणार? घरी फोनवरचं बोलून टाइप करायचं बटण वापरून पाहिलं. बाबा अडखळत 'चहा दे' म्हणाले, फोनने लिहिलं 'जा रे'. त्या दिवशी ते खूप दिवसांनी हसले.

इकडे ही गत, आणि 2023 मध्ये कॅलिफोर्नियात एएलएस (स्नायूंवरचा ताबा हळूहळू जाणारा आजार) झालेल्या एका माणसाच्या मेंदूत 256 इलेक्ट्रोड, म्हणजे मेंदूतले इशारे टिपणाऱ्या बारीक तारा, बसवून त्याचं बोलणं परत मिळवलं गेलं. ओठ-जीभ हलवण्याचे मेंदूतले इशारे एआयने वाचले आणि सुमारे 97 टक्के शब्द बरोबर आले. बाबांचा आजार वेगळा, त्यांना त्या तारांचा उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या यंत्रालाही कुठल्या आवाजामागून कोणता आवाज, कुठल्या शब्दामागून कोणता शब्द येतो हे आधी शिकावं लागलं, आणि ते शिकलं इंग्रजी. गुगलने 2019 मध्ये अडखळत बोलणाऱ्यांचे आवाज गोळा करायला घेतले, तेही आधी इंग्रजीतलेच. आपला 'ळ' त्यात कुठून येणार?

म्हणून मागणी एकच. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत थेरपीला येणाऱ्या मराठी रुग्णांचे आवाज, त्यांच्या आणि घरच्यांच्या लेखी संमतीने, रेकॉर्ड करा. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, सगळे. वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत वाचा-श्रवणाचे तज्ज्ञ घडतात, त्यांना सोबत घ्या. चित्रकार्डांवर इग्लूऐवजी विळी, पाट, लोकलचा डबा येऊ द्या. याला तर एआयही लागत नाही. आणि तो साठा सरकारच्याच ताब्यात ठेवा. एखाद्या कंपनीने तो फुकट नेऊन उद्या आम्हालाच महिन्याच्या वर्गणीवर विकू नये.

बाबांच्या आवाजाच्या सत्तर-ऐंशी फायली माझ्या फोनमध्ये आहेत. कुठे आणून द्यायच्या, तेवढं कळवावं.

आपला,
लालबागचा एक रहिवासी