खारघरची तारीख घेतली आहे

तीर्थरूप बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बघू" म्हणून फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहितेय. टाटाच्या खारघरच्या कॅन्सर हॉस्पिटलात बाबांच्या कार-टी उपचाराची तारीख घेतली आहे. एफडी मोडली. फॉर्म जावयांनीच भरला, तेव्हा 'लेकीचा पैसा नको' हा विषय काढायचा नाही.

बाबा, केमोनंतर तुमचा लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर, उलटला. पुन्हा नुसती केमोच देऊन फारसा उपयोग नाही, असं डॉक्टरच म्हणाले. कार-टीमध्ये तुमच्याच रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मशीनवर काढून घेतात, लॅबमध्ये त्यांत नवा जनुक घालतात, म्हणजे त्यांना रोगट पेशींवरची सीडी१९ ही खूण ओळखू येते. मग वाढवून सलाईनसारख्या परत सोडतात. त्याआधी दोन-तीन दिवस केमो असते, तेवढी सोसा. परदेशात याला तीन-चार कोटी लागतात. आयआयटी मुंबई आणि टाटानं मिळून केलेल्या नेक्सकार१९ या देशी कार-टीला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, त्याचा खर्च साधारण दहाव्या हिश्शात बसतो. दहातल्या सातेक जणांना गुण येतो. सगळ्यांचा टिकतो असं नाही, पण बाबा, मला हे करायचंच आहे.

आई, पेशी दिल्यावर ताप चढेल. घाबरू नकोस, त्यावर औषध असतं. कधी मेंदूवरही परिणाम होतो, म्हणून रोज एक वाक्य लिहायला लावतात. अक्षर बिघडलं की डॉक्टर लगेच सावध होतात. बाबा, शाहूपुरीच्या अडतीत गुळाच्या रव्यांशेजारी बसवून तुम्ही माझ्याकडून 'श्री' गिरवून घ्यायचात, वेलांटी चुकली की पाटी पुसायचात. आता रोज तुमचा कागद मी तपासणार.

खोली हॉस्पिटलजवळच बघितली आहे. तळमजला, कमोड, आईला गॅस, देवाला फळी. महिनाभर तरी तिथंच राहायचं, 'रंकाळ्यावर फिरल्याशिवाय झोप येत नाही' चालणार नाही. गंगावेशीतलं धारोष्ण दूध आजपासून बंद, उकळल्याशिवाय थेंबही नाही. अंबाबाईला शुक्रवारच्या गर्दीत जाऊ नका. सर्दी-खोकल्याच्या माणसाला दारातूनच चहा.

न विचारता ठरवलं याचा राग आला असेल तर इथं येऊन समोर बसवून ओरडा.

शनिवारी पहाटे गाडी येईल. पेट-स्कॅनच्या सीड्या, बायोप्सीचे ब्लॉक हातातल्या पिशवीत ठेवा. आणि आई, चटणीचा डबा वेगळा बांध, मागच्या खेपेला सगळ्या फाईलला तेल लागलं होतं.

तुमची,
बाळी