दोन ‘मी’ आणि बिचारी बनगरवाडी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला मराठी कादंबरीवरचा लेख वाचला. लेख चांगलाय, पण त्यातल्या एका वाक्यावरून आमच्या घरात दोन दिवस जुंपलीये म्हणून लिहायला बसलो. लेखकाचं म्हणणं असं की तंत्राचे प्रयोग केले ते भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ने, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ म्हणजे आपली ग्रामीण भाषेतली साधीसरळ गोष्ट. हे काही पटलं नाही बुवा.

मी राहतो मुलुंडला, नोकरी फोर्टात, म्हणजे रोज दोनेक तास गाडीत जातात आणि पावसाळ्यात किती जातात ते विचारूच नका. मुलगी टीवायला आहे, मराठी घेतलंय, तिला प्रोजेक्टला दोन कादंबऱ्यांच्या निवेदनाची तुलना करायचीये म्हणून लायब्ररीतून ही दोन पुस्तकं आणली आणि तिच्याआधी मीच वाचून काढली. (तिची कोसला अजून अर्धीच झालीये, मतं मात्र पूर्ण आहेत.)

पहिली गोष्ट म्हणजे दोन्हीकडे सांगणारा ‘मी’च आहे. बनगरवाडी १९५५ची, कोसला १९६३ची, मधे आठच वर्षं, आणि तरी हे दोन ‘मी’ एकमेकांना ओळखणार नाहीत इतके वेगळे. बनगरवाडीत शाळेवर आलेला मास्तर अख्खं पुस्तक आपल्याला सांगतो पण स्वतःबद्दल किती बोलतो? जवळजवळ काहीच नाही. मेंढरांमागे जाणारी पोरं शाळेत आणायची, कुणाचं कागदपत्राचं काम करून द्यायचं, तालीम बांधायची, कारभारी, आयबू, रामोशी आनंदा हे एकेक जण येतात, बसतात, बोलतात, जातात, आणि आपल्याला गाव कळत जातं. शेकूकडे एकच बैल असतो म्हणून त्याची बायको दुसऱ्या बाजूला स्वतः जू ओढते, आता हा प्रसंग दुसऱ्या कुणाच्या हाती पडला असता तर दोन पानं हळहळ आली असती की नाही? इथे मास्तर भाषण देत बसत नाही. माडगूळकर चित्रंही काढायचे, ते इथे मला जाणवलं, कागदावर जागा मोकळी ठेवायला धीर लागतो.

आणि ‘ग्रामीण भाषेतली’ हे तर चूकच आहे हो. माणसं बोलतात ती माणदेशी, पण मास्तर सांगतो ते प्रमाण मराठीत. म्हणजे गावात कितीही मिसळला तरी तो बाहेरून आलेलाच राहतो आणि हे कुठेही न सांगता नुसत्या भाषेतून कळत राहतं. शेवटी दुष्काळात गाव उठून जातं तेव्हा तो एकटा पडलेला म्हणून तर इतका लागतो. हे तंत्र नाही तर काय?

कोसलात उलट. तिथे बोलण्याच्या आणि सांगण्याच्या भाषेतली ही फट बुजवूनच टाकलीये, कोसलाचा नायक पांडुरंग सांगवीकर जसा बोलतो तसंच लिहिलंय, त्याचे ते सारखे येणारे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ तर आमच्या पिढीच्या तोंडात बसले होते, कॉलेजात असताना आम्ही चहा मागतानासुद्धा वगैरे म्हणायचो. एक वर्ष तर डायरीच्या नोंदींतून येतं, मधेच इतिहाससंशोधकांच्या थाटात गावाची टिंगल. सगळं स्वतःभोवती, पुणं, मेस, होस्टेल, वडिलांशी भांडण. आणि मग मनीचं, धाकट्या बहिणीचं मरण येतं आणि या टिंगल करणाऱ्या पोराचा आवाजच बदलून जातो. ते पान मी घाटकोपरला वाचत होतो, पुस्तक मिटून ठेवलं आणि दादर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

यावर मुलगी म्हणाली, बाबा, पण पांडुरंगही लपवतोच की, त्याचं वगैरे म्हणजे पुढचं सांगायला नको म्हणून टाकलेला पडदाय, मास्तर गप्प बसून लपतो आणि हा बडबड करून. मी म्हटलं हे लिही प्रोजेक्टमध्ये, तर म्हणे एवढं मॅडमना चालणार नाही. असो.

आणखी एक, लेखात दोघांची वयं द्यायला हवी होती. माडगूळकर तेव्हा २८ वर्षांचे, नेमाडे तर २५चे. या वयात मी रेल्वेच्या पासासाठी रांगेत उभा होतो.

तेव्हा ‘ग्रामीण भाषेतली’ या शब्दांची दुरुस्ती तेवढी छापावी, प्रयोगाच्या मुद्द्यावर लेखकाने आपलं म्हणणं धरून ठेवलं तरी चालेल. आमच्याकडेही मिटलेलं नाहीच, ती कोसलाच्या बाजूने, मी बनगरवाडीच्या. पुस्तकं शनिवारी परत करायची आहेत आणि तिची अजून अर्धी कोसला बाकी आहे.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई