बाबांची वही, आईची गाणी

मु. पो. देसाईगंज (वडसा),
जि. गडचिरोली

तीर्थरूप बाबा व सौ. आईस,

शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत. धानाची मळणी उरकली असून गावोगावच्या मंडया, म्हणजे रात्रभर नाटके चालणाऱ्या जत्रा, सुरू झाल्या आहेत, त्यामुळे शाळेतली अर्धी मुले सकाळी डोळे चोळतच वर्गात येतात. दिवाळीत मी निघताना बाबांनी त्यांची ‘बिनाका गीतमाले’ची वही, म्हणजे रेडिओवरच्या त्या हिंदी गाण्यांच्या क्रमवारीची नोंदवही, माझ्या पिशवीत घातली आणि वाचून झाल्यावर मत कळव म्हणून बजावले. ते मत फोनवरही सांगता आले असते; पण फोनवर बाबा माझे वाक्य पुरे होऊ देत नाहीत आणि आई नुसती हसते, म्हणून मुद्दाम लिहून पाठवत आहे.

बाबा, वही मी दोनदा वाचली. सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदीचा चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हाती आल्यावर आजोबांनी रेडिओ घेतला आणि तेव्हापासून तुम्ही दर बुधवारी रात्री आठ वाजता कोलंबोचे रेडिओ सिलोन लावून बसू लागलात, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. निवेदक अमीन सयानींनी जे गाणे ज्या पायदानावर, म्हणजे क्रमांकावर, वाजवले ते तुम्ही त्याच क्रमाने उतरवले आहे, आणि शॉर्टवेव्हचा आवाज जिथे बुडाला तिथे ‘खरखर’ एवढेच लिहून ओळ मोकळी सोडली आहे. पुढच्या बुधवारी ते गाणे कळले की वेगळ्या शाईने ती ओळ भरलेली दिसते. वर्षअखेरच्या यादीला स्वतंत्र पान असून पहिल्या पायदानावरच्या गाण्यापुढे तुमचा शेरा आहे. माझे भांडण आहे ते या शेऱ्यांशी, आणि त्याहीपेक्षा पहिल्या पायदानावर असलेल्या तुमच्या श्रद्धेशी.

१९७३ च्या ‘यारी है ईमान मेरा’बद्दल वाद नाही. मन्ना डे यांचा आवाज लाभला तर साधी चालही वजनदार होते, हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. १९७५ च्या पानावर मात्र आपले पटणार नाही. त्या वर्षी पहिले आलेल्या ‘महंगाई मार गयी’पुढे तुम्ही ‘हे गाणे नव्हे, भाषण’ असे लिहून ठेवले आहे. वर्मा मलिक यांचे शब्द, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी कव्वालीच्या अंगाने केलेली बांधणी आणि लता मंगेशकर, मुकेश, नरेंद्र चंचल, जानी बाबू कव्वाल असे चार आवाज. इतके सगळे असूनही गोडवा शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही, हे खरे आहे. ‘आंधी’ची गाणी त्याच वर्षीची, आणि संगीत म्हणून त्यांच्याशी याची बरोबरी होऊच शकत नाही. तरीही १९७२ च्या दुष्काळात रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाल्लेल्या आणि रॉकेलच्या डब्यासह रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांनी हे गाणे चालीसाठी ऐकलेच नाही. आपल्या घरचा हिशेब कोणीतरी चारचौघांत मोठ्याने मांडत आहे, म्हणून ऐकले. तुम्हीही त्याच रांगांत होतात, मग ते भाषण तुम्हाला इतके परके का वाटले, हे मला खरोखरच समजत नाही. माझ्या मते त्या वर्षीचे पहिले पायदान योग्य गाण्याला मिळाले.

आता त्याच्या मागचे वर्ष. १९७४ चे पहिले गाणे ‘मेरा जीवन कोरा कागज’. त्याखाली तुम्ही दोन रेघा ओढल्या आहेत आणि ‘किशोरकुमारचे सर्वोत्तम’ असे लिहिले आहे. किशोरकुमार यांनी इथे स्वतःला किती आवरून धरले आहे हे मलाही जाणवते; त्यांच्या इतर लोकप्रिय गाण्यांतली उधळण इथे अजिबात नाही आणि कल्याणजी-आनंदजींनी वाद्येही बेताचीच ठेवली आहेत. परंतु त्याच चित्रपटात लताबाईंचे ‘रूठे रूठे पिया’ आहे, ज्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तुमच्या वार्षिक पानावर त्याचा उल्लेखही नाही. आई, तू तुरीच्या शेंगा सोलताना जे गुणगुणतेस, ते हेच गाणे. ते तू माहेरी असताना शिकलीस, की लग्न होऊन आल्यावर, हे मी तुला कधी विचारले नाही. पण आपल्या घरात ‘कोरा कागज’ म्हटले की मला तुझे गाणे आठवते, बाबांचे नाही.

इथूनच माझा मूळ मुद्दा सुरू होतो. बाबा, तुम्ही नेहमी म्हणता की ही निवड लाखो श्रोत्यांची आहे, एकट्यादुकट्याची नाही. पण गीतमालेची क्रमवारी ठरत असे ती श्रोत्यांच्या पत्रांवर, रेकॉर्डांच्या विक्रीवर आणि पुढे गावोगावच्या श्रोता संघांच्या कौलावर. आपल्या पट्ट्यात रेकॉर्ड विकत कोण घेत होते? तालुक्यातली मोजकी सधन घरे, हॉटेलवाले आणि लग्नाकार्यात भोंगा लावणारे. श्रोता संघात मुले असत, आणि पोस्टकार्ड घेऊन फर्माईश लिहिणारीही बहुतेक मुलेच. आईच्या माहेरी रेडिओ होता तो ग्रामपंचायतीचा, आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर रात्री आठ वाजता एखादी मुलगी गाणी ऐकायला बसली असती तर दुसऱ्या दिवशी गावभर काय बोलले गेले असते, हे तुम्हीच सांगा. तिची आवड कोणत्याही दुकानदाराच्या विक्रीत उतरली नाही आणि कोणत्याही पत्राने कोलंबोला पोचली नाही. तेव्हा त्या लाखांत ती कधीच नव्हती.

भोंगेवाल्यांचा वाटा तर मला फार मोठा वाटतो. जे गाणे मांडवाच्या पलीकडे, वावरापर्यंत ऐकू जाईल ते त्यांना हवे असे, आणि त्यामुळे ठळक ठेक्याची, धृपद चटकन तोंडात बसणारी गाणी वर चढत. राहुलदेव बर्मन यांना वर्षाचे पहिले पायदान मिळाले ते १९७२ मध्ये ‘दम मारो दम’ला. गाणे उत्तमच आहे, आशाबाईंनी त्यात कमाल केली आहे. पण बर्मन यांच्या बारीक नक्षीच्या कितीतरी चाली त्या उंचीला पोचल्या नाहीत. मदनमोहन यांची गोष्ट याहून वाईट. गीतमालेच्या वार्षिक यादीत त्यांचे गाणे पहिले आले ते १९७७ मध्ये, ‘लैला मजनू’मधले ‘हुस्न हाजिर है’. आणि ते स्वतः जुलै १९७५ मध्येच गेले होते. चित्रपटाचे उरलेले संगीत जयदेव यांना पूर्ण करावे लागले. ज्यांच्या गझला लताबाईंनी आयुष्यभर जिव्हाळ्याने गायल्या, त्यांना हा मान मिळाला तो हयातीनंतर. त्या पानावर तुमचा शेरा आहे, ‘ठीक’. बाबा, हा शेरा मला सर्वांत जास्त टोचला. साहिरच्या शब्दांतली ती विनवणी लताबाईंनी कुठेही रडकी होऊ दिलेली नाही. दगड उगारलेल्या जमावासमोर एकटी बाई उभी आहे आणि तिचा सूर तसूभरही ढळत नाही. इतके नीट ऐकायला मला चाळिशी ओलांडावी लागली, तुम्ही तर तेव्हा विशीतच होता, म्हणून हा शेरा मी तुमच्या वयाच्या खात्यावर टाकते.

१९७८ मध्ये आई आपल्या घरी आली आणि वहीत तिचा हात प्रथमच दिसतो. ‘अखियों के झरोखों से’ हे त्या वर्षीचे पहिले गाणे. त्यापुढे तुम्ही ‘रडके’ असे लिहिले आहे आणि खाली वेगळ्या, गोलसर अक्षरात ‘नाही’ असे लिहिलेले आहे. आई, ते अक्षर तुझे आहे, हे नाकारू नकोस. मी तुझ्या बाजूने आहे. रवींद्र जैन यांनी शब्दही स्वतःच लिहिले आणि चालही स्वतःच बांधली, म्हणून दोन्हींत कुठे ओढाताण नाही. आणि हेमलता यांचा आवाज इतका सरळ लागतो की ऐकणाऱ्याला आपणही हे गाऊ शकू असा भास होतो. प्रत्यक्षात गाऊन पाहिले की अंतऱ्यातच दम लागतो.

१९७९ च्या ‘खइके पान बनारसवाला’बद्दल आपल्या तिघांचे एकमत आहे, त्यामुळे जास्त लिहीत नाही. आपल्याकडे बनारसी पानाऐवजी सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटला जातो, तरी त्या गाण्यावर नाचायला कोणाचे काही अडले नाही. १९८० च्या ‘डफलीवाले’ला मात्र तुम्ही ‘उगाच गाजले’ म्हटले आहे, ते चूक आहे. परवा शेजारच्या गावच्या मंडईत झाडीपट्टीचे, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भातले रात्रभर चालणारे, नाटक होते. पहाटे चारच्या सुमारास, शेवटच्या अंकाआधी, ऑर्गनवाल्याने सहज ही चाल छेडली आणि घोंगड्या पांघरून पेंगणारी माणसे सरळ होऊन बसली. आपल्या पोळ्याला, वरातीला डफडे वाजते. तो ठेका अंगात असलेल्या लोकांना लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी त्यांचाच ठेका परत दिला, मग ते का गाजू नये? शिवाय महंमद रफी ३१ जुलै १९८० ला गेले आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्यांचा आवाज असलेले हे गाणे पहिल्या पायदानावर वाजले. त्या पानावर रफींबद्दल तुम्ही काहीच कसे लिहिले नाही, याचे मला नवल वाटते.

सर्वांत कडक बोलायचे ते १९८१ बद्दल. ‘मेरे अंगने में’ पुढे तुमचा शेरा आहे, ‘हसून हसून पुरेवाट’. अमिताभ बच्चन यांनी ते स्वतः गायले आणि पडद्यावर बायकांचे कपडे घालून नाचले, त्यामुळे तंबूत शिट्ट्या वाजल्या असणार, हे समजू शकते. पण गाण्याचा सगळा विनोद कोणाची बायको उंच, कोणाची जाडी, कोणाची काळी, कोणाची बुटकी यावरच उभा आहे, आणि आपल्याकडच्या बँडवाल्यांनी तेच गाणे वर्षानुवर्षे नवरीच्या मांडवाबाहेर वाजवले. सावळ्या रंगाच्या मुलीला हळद लावून बसवलेले असताना बाहेर हे वाजते आणि वऱ्हाडी नाचतात, हे मी माझ्या मावसबहिणीच्या लग्नात जवळून पाहिले आहे. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात हे गाणे बसवायची मागणी होते, तेव्हा मी ते बसवू देत नाही. मुलांना मी कोळीगीत देते; गडचिरोलीत समुद्र नाही, पण त्याने कोणाला ओशाळे व्हावे लागत नाही. हे गाणे लोकगीतावरून घेतले आहे, असे उत्तर तुम्ही द्याल हे मला ठाऊक आहे. लोकगीतातले सगळेच जपायचे असते असे नाही.

१९८३ चे ‘शायद मेरी शादी का खयाल’ मला फारसे आवडत नाही. चाल गोड आहे आणि तेवढीच आहे. मात्र संगीत उषा खन्ना यांचे आहे, आणि तुमच्या वहीत बाई संगीतकार पहिल्या पायदानावर पोचल्याची ही एकच नोंद आहे. तुम्ही तिथे ‘सौतन’ एवढे चित्रपटाचे नाव लिहून संगीतकाराची जागा रिकामी ठेवली आहे. ती जागा मी पेन्सिलीने भरली आहे, राग मानू नये.

आणि आता १९८६. वहीतले शेवटचे वार्षिक पान. त्या वर्षी पहिले आले ‘यशोदा का नंदलाला’, लताबाईंनी गायलेली अंगाई. ना ठेका, ना नाच. भोंग्यावर लावले तर मांडवातली मंडळी झोपी जातील असे ते गाणे. मग ते इतके वर कसे गेले? माझा तर्क असा की तोवर स्वस्त कॅसेटी निघाल्या होत्या आणि टेप घराघरांत, चुलीजवळ येऊन पोचला होता. काय वाजवायचे हे ठरवण्याचा हक्क ओट्यावरून थोडासा आत सरकला. आपल्याही घरी तो लाल टेप आला तो त्याच सुमारास, आणि त्याच्यावर पहिली कॅसेट आईने मागवलेली होती, असे मला आठवते. धाकट्याला झोपवताना ती ही अंगाई म्हणत असे आणि त्याच्याआधी मीच झोपत असे.

बाबा, त्या पानावर तुमचा शेराच नाही. ‘यादी संपली’ असे लिहून तुम्ही वही बंद केली आहे. माझा आक्षेप इतकाच की नेमकी इथेच ती बंद करायला नको होती. मागे अकरा कोरी पाने आहेत. संक्रांतीला मी येईन तेव्हा त्या पानांवर आईची यादी व्हावी, पहिल्यापासून सोळाव्या पायदानापर्यंत, आणि शेरे तिने द्यावेत. ‘हुस्न हाजिर है’ तिच्या यादीत तिसऱ्याच्या खाली गेले तर मी तिच्याशीही भांडणार आहे.

बाबांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात. आई, तुझ्या गुडघ्याचे तेल जावयांबरोबर पाठवत आहे. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

कळावे,
तुमची लेक